साहेबाच्या घरातली वाटणी



आपल्याकडे गोऱ्या माणसाला सरसकट ‘इंग्रज’ म्हणण्याची रीत पडून गेली आहे. ज्यांनी आपल्यावर राज्य केले ते सगळे आपल्या लेखी इंग्रज. मान द्यायचा झाला तर ‘साहेब’. परंतु या साहेबाच्या घरात जरा डोकावून पाहिले तर तेथे चार चुली दिसतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. पाचवी चूल, म्हणजे उरलेले आयर्लंड, १९२२ साली वेगळी झाली. राहिलेल्यांपैकी स्कॉटलंडमध्ये ‘आम्हालाही वेगळे निघायचे आहे’ असे म्हणणारे जवळजवळ निम्मे लोक आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये ‘वेगळ्या निघालेल्या भावाकडेच आम्हाला जायचे आहे’ असे म्हणणाऱ्यांचा मोठा पक्ष आहे.

या सदरात एरवी बेणे, खते आणि कीड-रोग यांच्या गोष्टी होतात. मग आजच हा परमुलखातला विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या घरातल्या भांडणाचे मूळ शोधत गेले की आपण थेट शेतात येऊन पोहोचतो. जमीन कसतो कोण, खंड घेतो कोण आणि पीक बुडाले तर वाली कोण, या तीन प्रश्नांवर तेथली माणसे एकमेकांपासून तुटली. हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत.

आपल्याला भेटलेले ‘इंग्रज’

जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी मोठी लढाई झाली. तेथे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता, आणि तो जन्माने आयर्लंडमधील डब्लिनचा. त्याच्या हाताखाली ७४ वी आणि ७८ वी या दोन पलटणी होत्या. त्या स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखाच्या नावाने उभारलेल्या. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन स्कॉटलंडचा. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटलंडचा. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा करणारा डलहौसी, तोही स्कॉटलंडचाच.

मग हे सगळे एका नावाखाली आले कसे? १६०३ साली इंग्लंडची राणी निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा राजा दोन्ही गाद्यांचा धनी झाला. राजा एक, पण राज्ये दोन, असे शंभर वर्षे चालले. मध्यंतरी स्कॉटलंडच्या लोकांनी मध्य अमेरिकेत डारिएन येथे वसाहत करण्यासाठी देशातला फार मोठा पैसा गुंतवला आणि तो सगळा बुडाला. कर्जात रुतलेल्या सरदारांनी १७०७ साली आपली पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन करण्यास संमती दिली. सामान्य लोक त्यावर नाराज होते. ठिकठिकाणी दंगे झाले. तरीपण त्या करारात स्कॉटलंडने आपले कायदे, आपले चर्च आणि आपल्या शाळा राखल्या. १८०१ साली आयर्लंडही याच रीतीने जोडले गेले. वेल्स तर सोळाव्या शतकातच इंग्लंडच्या कायद्याखाली आले होते.

या सर्वांना मिळून ‘ब्रिटिश’ हे नाव पडले. ते टिकून राहायला तीन दोर होते. पहिला प्रॉटेस्टंट धर्माचा, दुसरा फ्रान्सबरोबरच्या लढायांचा आणि तिसरा साम्राज्याच्या मिळकतीचा. स्कॉटलंडच्या धाकट्या मुलांना कलकत्त्यात आणि मुंबईत नोकऱ्या मिळत, ग्लासगोच्या कारखान्यांना माल खपवायला साऱ्या जगाची पेठ मिळे. आयर्लंडचे बहुसंख्य लोक मात्र कॅथलिक. त्यांना १८२९ पर्यंत पार्लमेंटमध्ये बसण्याचीही बंदी होती. म्हणजे पहिला दोर त्यांच्यासाठी नव्हताच, आणि तिसऱ्याचा लाभ त्यांच्यातल्या थोड्यांनाच मिळाला.

बटाट्याचा करपा आणि दहा गुंठ्यांची अट

आयर्लंडची उत्तम जमीन इंग्रज आणि प्रॉटेस्टंट जमीनदारांकडे होती. त्यांतले कित्येक राहायचे लंडनमध्ये आणि कारभारी खंड गोळा करून पाठवायचे. कुळाने पिकवलेला गहू, ओट, लोणी आणि जनावरे खंडापोटी जायची. घरच्यांच्या पोटासाठी कोपऱ्यातल्या तुकड्यात बटाटा. एवढ्या लहान तुकड्यात सबंध घर जगवील असे दुसरे पीक नव्हते. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक. देशातली सुमारे ३० लाख माणसे जवळजवळ केवळ बटाट्यावर होती. त्यातही गरिबांच्या शेतात मुख्यतः एकच वाण, ‘लंपर’ नावाचा. हलक्या रानातही भरपूर येणारा.

१८४५ साली उशिरा येणारा करपा तेथे पोहोचला. आपल्याकडे जुन्नर, आंबेगाव, खेड भागातल्या बटाटेवाल्यांना आणि टोमॅटो लावणाऱ्यांना हा रोग नव्याने सांगायला नको. ढगाळ हवा, गारवा, पानांवर टिकून राहिलेली ओल, की पानावर काळपट डाग पडतात, खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते आणि चार-आठ दिवसांत रान जळाल्यासारखे होते. जमिनीतला बटाटाही सडतो. आयर्लंडची हवा वर्षभर अशीच. त्यातून बेणे घरचेच ठेवायची रीत, त्यामुळे रोगही घरात राहिला. बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये द्राक्षावरील केवड्यासाठी निघाले ते १८८५ च्या सुमारास, म्हणजे चाळीस वर्षे उशिरा. १८४६ साली सारे पीक गेले. १८४७ साली रोग कमी होता, पण लागवड करायला बेणे कोठे होते? लोकांनी ते खाऊन टाकले होते.

रोग निसर्गाचा, हे खरे. पण पुढे जे झाले ते माणसांचे. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१ साली ती ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्याच काळात बंदरातून धान्य, लोणी आणि जनावरे इंग्लंडला जातच राहिली. सरकारने प्रथम अमेरिकेतून मका आणला, रस्त्यांची दुष्काळी कामे काढली, पुढे काही महिने शिजवलेले अन्नही वाटले. मग १८४७ मध्ये कायदा करून मदतीचा सारा बोजा आयर्लंडच्याच स्थानिक करांवर टाकला. त्या कायद्यात एक कलम असे की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा अधिक जमीन असेल त्याला मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. पोराला घोटभर पेज हवी असेल तर बापाने जमिनीवर पाणी सोडायचे. जमीन सोडली की जमीनदार झोपडी पाडून टाकी.

घर एकत्र म्हणायचे, मिळकत एकत्र घ्यायची आणि एका भावाच्या अंगणात मढी पडली की ‘तुमचे तुम्ही पाहा’ म्हणायचे, अशा घराची भिंत किती दिवस उभी राहणार? आयरिश माणसाच्या मनातून ब्रिटिशपण जे उतरले ते या पाच-सात वर्षांत. आज सबंध बेटाची लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास आहे. १८४१ चा आकडा त्या बेटाने पावणेदोनशे वर्षांनंतरही गाठलेला नाही.

वाळीत टाकलेला कारभारी

१८७९ मध्ये पुन्हा पीक गेले. या वेळी लोक गप्प राहिले नाहीत. मेयो परगण्यात मायकेल डेव्हिट याने शेतकऱ्यांचा ‘लँड लीग’ नावाचा संघ उभा केला आणि पार्नेल त्याचा अध्यक्ष झाला. डेव्हिट कुळाचा मुलगा. लहानपणीच त्याचे घर बेदखल झालेले. त्यांच्या तीन मागण्या होत्या : खंड वाजवी असावा, खंड भरणाऱ्याला हुसकावू नये, आणि कुळाला आपला हक्क विकता यावा.

१८८० साली त्याच परगण्यात एका लॉर्डाचा कारभारी खंड कमी करायला तयार होईना. त्याचे नाव कॅप्टन बॉयकॉट. गावाने त्याला हात लावला नाही, नुसता वाळीत टाकला. मजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईना, धोबीण कपडे नेईना. पीक रानात उभे. शेवटी उत्तरेकडून पन्नास माणसे काढणीला आणली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई उभे केले. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च आला, असा तेव्हाचा अंदाज. बॉयकॉट देश सोडून गेला आणि त्याचे नाव मात्र इंग्रजी भाषेत क्रियापद होऊन राहिले. पंचवीस वर्षांनी लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ हे सूत्र आले. तो शब्द आपला जुना. पण राज्यकर्त्याविरुद्ध तो चालवण्याचा इंग्रजी धडा मेयोच्या कुळांनी घालून दिला होता.

शेतकऱ्यांच्या या एकीपुढे सरकार वाकले. १८८१ च्या कायद्याने तिन्ही मागण्या मान्य झाल्या. १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्ज काढून कुळांना जमिनी विकत घेता येऊ लागल्या. हप्ते ६८ वर्षांचे. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी जे साधले, त्याच वाटेवरची ही गोष्ट. लंडनचे काही मंत्री मनाशी म्हणत होते की जमीन देऊन टाकली की स्वराज्याची मागणी आपोआप विरेल. तसे झाले नाही. ज्याच्या नावावर सातबारा चढतो तो माणूस पुढे कारभारातही आपला वाटा मागतो.

स्वराज्य आणि बांध

या कारभाराच्या मागणीचे नाव होते ‘होमरूल’. तो शब्द आयर्लंडमध्ये १८७० च्या सुमारास रूढ झाला. लोकमान्य टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तो शब्द तेथूनच उचलला होता. योगायोग असा की त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला होता आणि शहरात तोफा चालू होत्या. उठाव सहा दिवसांत मोडला. बहुसंख्य आयरिश जनता सुरुवातीला त्या तरुणांवर चिडलेलीच होती. पण पुढच्या पंधरवड्यात सरकारने पंधरा जणांना गोळ्या घातल्या आणि लोकांचे मन फिरले. १९१८ च्या निवडणुकीत १०५ पैकी ७३ जागा शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाला मिळाल्या. अडीच वर्षे गनिमी लढाई झाली आणि डिसेंबर १९२१ च्या करारानंतर, १९२२ साली, २६ परगण्यांचे वेगळे राज्य झाले.

सहा परगणे मात्र ब्रिटनकडे राहिले. त्याचे कारणही जमिनीत आहे. १६०९ पासून अल्स्टर प्रांतातल्या जमिनी काढून घेऊन त्या स्कॉटलंड-इंग्लंडहून आणलेल्या प्रॉटेस्टंट लोकांना वसवायला दिल्या होत्या. तीनशे वर्षांनी त्यांचे वंशज तेथलेच झाले होते. ‘आम्ही ब्रिटिशच’ असे ते म्हणत, आणि कॅथलिक बहुमताच्या राज्यात जायला त्यांची तयारी नव्हती. मग वाटणीचा बांध घातला गेला, सुमारे ५०० किलोमीटरचा. कित्येकांचे घर एका राज्यात आणि रान दुसऱ्या राज्यात गेले.

वाटणी झाली तरी हिशेब मिटत नाहीत, हे भाऊबंदकीत आपण पाहतोच. जमीन खरेदीचे जे हप्ते आयरिश शेतकरी भरत होते ते ब्रिटनला पाठवणे १९३२ साली डी व्हॅलेरा यांच्या सरकारने थांबवले. ब्रिटनने उलट आयरिश जनावरांवर जबर जकात बसवली. गुरांचे भाव कोसळले, इतके की वासरे कापून टाकण्यासाठी सरकार पैसे देऊ लागले. सहा वर्षांनी, १९३८ मध्ये, एक कोटी पौंड एकरकमी देऊन तंटा मिटला. मधल्या काळात पोळला गेला तो गोठेवाला शेतकरी. पुढाऱ्यांची टक्कर चालते तेव्हा पायाखाली कोण येते, हे सांगायला नको.

उत्तरेत अल्पसंख्य कॅथलिकांना घरे, नोकऱ्या आणि मते यांत डावलले गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दंगे पेटले. पुढची तीस वर्षे बॉम्ब आणि गोळ्या. साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला. त्यातले एक कलम मला फार शहाणपणाचे वाटते. उत्तर आयर्लंडमधला माणूस स्वतःला आयरिश म्हणो, ब्रिटिश म्हणो की दोन्ही म्हणो, तो त्याचा हक्क. दोन्ही देशांचे नागरिकत्वही त्याला घेता येते. आणि बहुमताला वाटले तर मतदान करून आयर्लंडमध्ये सामील होण्याची वाट मोकळी. म्हणजे प्रश्न सोडवला असे नव्हे. तो गोळीच्या हातून काढून मतपेटीच्या हातात दिला. लोकांनी उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के मतांनी त्याला होकार दिला.

मेंढ्यांसाठी उठवलेली गावे

आता स्कॉटलंड. तेथल्या उत्तरेकडच्या डोंगरी मुलखात गेलिक बोलणारी माणसे टोळीच्या नायकाला वडिलांसारखे मानून त्याच्या जमिनीवर राहत. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात लोकरीला भाव आला आणि नायकांचे जमीनदार झाले. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त खंड देतात, असा हिशेब निघाला. सदरलँड परगण्यात १८०७ ते १८२१ या काळात दऱ्याच्या दऱ्या रिकाम्या केल्या. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात छपरे पेटवून माणसे बाहेर काढली गेली. असईच्या रानात लढायला पलटणी आल्या त्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ज्या मुलखाने साम्राज्याला शिपाई दिले त्याच मुलखातली घरे अशी जळत होती. उठवलेली माणसे समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या जहाजांवर गेली.

१८८२ साली स्काय बेटावरच्या शेतकऱ्यांनी पोलिसांवर दगड उचलले. चौकशी समिती बसली आणि १८८६ च्या कायद्याने लहान शेतकऱ्यांना हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले. पण येथे एक फरक ध्यानात घ्यावा. स्कॉटलंडचा जुलूम करणारे जमीनदार पुष्कळसे स्कॉटिशच होते. त्यामुळे राग जमीनदारावर गेला, इंग्लंडवर तितका गेला नाही. शिवाय शहरातल्या कारखान्यांना साम्राज्याची बाजारपेठ होतीच.

साम्राज्य मावळले, जहाजांचे आणि कोळशाचे धंदे बसले, आणि तिसरा दोर तुटला. १९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडले तेव्हा ‘तेल आमच्या दारात, पैसा लंडनच्या तिजोरीत’ ही भावना वाढली. १९९७ च्या मतदानात ७४ टक्क्यांनी स्वतःची विधानसभा मागितली. ती १९९९ मध्ये सुरू झाली. तिने २००३ साली जमीन सुधारणा कायदा करून गावाला जमीनदाराची जमीन खरेदी करण्याचा हक्क दिला. त्याआधी १९९७ मध्येच एग बेटाच्या रहिवाशांनी वर्गणी जमवून आपले बेट विकत घेतले होते.

१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडला थेट विचारले गेले : स्वतंत्र देश व्हायचे का? सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होते. ८४.६ टक्के मतदान झाले. ५५ टक्के ‘नाही’ म्हणाले, ४५ टक्के ‘होय’. चलन कोणते राहील, निवृत्तिवेतनाचे काय, शेतीचे अनुदान कोठून येईल, हे घरखर्चाचे प्रश्न शेवटी भारी पडले. एक माणूसही त्यासाठी मेला नाही, हे विशेष.

बेणे पुन्हा बांधावर अडले

दोनच वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, सबंध ब्रिटनने ५२ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचे ठरवले. स्कॉटलंडने मात्र ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने ५६ टक्के मत राहण्याच्या बाजूने दिले होते. मोठ्या भावाची मते अधिक, म्हणून निर्णय त्याचा. स्कॉटलंडने दुसरे मतदान मागितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लंडनच्या संमतीशिवाय ते घेता येणार नाही. उत्तर आयर्लंडमध्ये भूमीवरच्या बांधावर पुन्हा चौक्या नकोत म्हणून तपासणी समुद्रात ठेवली, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये. त्यावर तेथले ब्रिटिशनिष्ठ चिडले. आमच्याच घरात आमच्याच सामानाची झडती का, असा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच गैर नव्हता.

या झडतीत काय अडकले? बटाट्याचे बेणे. स्कॉटलंडची हवा थंड आणि वाऱ्याची, मावा कमी, म्हणून तेथले बेणे निरोगी म्हणून नावाजलेले. जानेवारी २०२१ पासून ते युरोपात आणि उत्तर आयर्लंडमध्ये जाणे थांबले. ज्या बेटाने रोगट बटाट्यापायी दहा लाख माणसे गमावली, तेथल्या उत्तरेच्या शेतकऱ्याला शेजारचे चांगले बेणे राजकारणामुळे मिळेना. २०२३ च्या विंडसर करारानंतर त्याच्यापुरती वाट मोकळी झाली.

२०२१ च्या शिरगणतीत उत्तर आयर्लंडमध्ये ३२ टक्क्यांनी स्वतःला फक्त ब्रिटिश, २९ टक्क्यांनी फक्त आयरिश आणि २० टक्क्यांनी फक्त ‘उत्तर आयरिश’ असे लिहून दिले. म्हणजे एकाच आळीत तीन उत्तरे. तरीही त्यांची गुरे एकाच बाजारात येतात, बरेचसे दूध बांध ओलांडून दक्षिणेच्या डेअरीत जाते, आणि क्रिकेटला सबंध बेटाचा एकच संघ मैदानात उतरतो. पुढे स्कॉटलंड वेगळा होईल की नाही, दोन आयर्लंड एक होतील की नाही, ते तेथले मतदार ठरवतील. आपण एवढे पाहून ठेवावे की त्या घराला तडा गेला तो भाषणांनी नव्हे. भुकेच्या वर्षी थोरल्याने हात आखडता घेतला, तेव्हा तो गेला. गावात, भावकीत, सोसायटीत, पाण्याच्या पाळीत, हीच कसोटी आपल्यालाही रोज लागते.

आणि जाता जाता आमच्या खात्याचे दोन शब्द. बटाट्याचे सारे रान एकाच वाणाखाली ठेवू नका. घरचे बेणे पिढ्यान्‌पिढ्या न वापरता प्रमाणित बेणे घ्या. आभाळ भरून आले की रोगाची वाट न पाहता एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, ताजे करून फवारा. बेण्याची निवड आणि कापणी यांविषयी पुढील अंकी सविस्तर लिहू.